विंग नसलेली खोली

नाटकमंडळींना विंगेचा फार आधार. पात्राला राग आला, डोळ्यांत पाणी आले, की ते निमूटपणे विंगेत निघून जाते. आपल्या दिवाणखानी नाटकांत तर ‘आत’ नावाची एक सोयीची जागा ठरलेलीच. चहा आतून येतो, रुसलेली सून आत जाते. ते ‘आत’ प्रेक्षकांपैकी कोणीही पाहिलेले नसते. पण ते आहे याबद्दल कोणाला शंकाही नसते.

चाळीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडाला हे ‘आत’ नसते. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे आता ५०० चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत, हे चांगलेच झाले. आमची खोली दुसऱ्या चाळीतली, पण मापाने तेवढीच. तीत सात माणसे, एक लोखंडी खाट आणि पडदा लावलेली मोरी. वडिलांचे आजोबांशी भांडण झाले तर ते सर्वांसमक्ष. अबोला धरला तर तोही सर्वांसमक्ष!

या दाटीचे आपल्या रंगभूमीने नाना परींनी दर्शन घडवले आहे. पु. ल. देशपांडे १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग करीत. भल्या मोठ्या रंगमंचावर माणूस एकटा, आणि डोळ्यांपुढे चाळ मात्र गच्च भरलेली! अडचणीतही हसणारी ती माणसे खोटी नव्हेत. अण्णा भाऊ साठे यांनी ‘मुंबईची लावणी’त मात्र हसण्यापलीकडचा हिशेब मांडला: एकाच शहरात मलबार हिलच्या वाट्याला काय आले, आणि कष्टकऱ्याच्या वाट्याला काय? घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिलेल्या शाहिराला तो हिशेब दुसऱ्याकडून शिकावा लागला नसेल.

जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) शिकवताना मी संवादांकडे उशिरा वळतो. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरणगावातल्या एका घराची कशी वाताहत झाली, ते हे नाटक दाखवते. मी बाके बाजूला सरकवतो आणि जमिनीवर खडूने सोळा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखतो. आई, तीन मुलगे, मुलगी, सारी त्यात उभी राहतात. “आता भांडा,” मी सांगतो, “पण रेघेबाहेर कोणी जायचे नाही.”

गेल्या वर्षी आईचे काम करणारी मुलगी मध्येच थांबली. म्हणाली, “सर, मला रडायचंय. पण तोंड कुठं वळवू?”

वर्ग हसला. मला आमची आई आठवली. चाळीत नळाला पाणी साडेपाचला येई. आई मात्र चार वाजताच हंडा घेऊन खाली जाई. ‘नंबर लावायला’ असे ती सांगे, आणि आम्ही कूस बदलून पुन्हा झोपत असू.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा उभा राहिला. “सर, हा चौकोन मोठा झालाय. आमचं घर यात मावून जागा उरेल.”

या खेपेस कोणी हसले नाही. मी खडू त्याच्या हाती दिला. त्याने खाली बसून चौकोनाच्या आत दुसरी रेघ ओढली, आणि सगळी जणे मुकाट्याने आणखी जवळ सरकली.