आकारावर जाऊ नका

संपादकांचा फोन आला तो पावसाळ्यात, जुहूच्या वाळूवर निळ्या पिशव्या वाहून आल्याच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा. "सर, बॉक्स जेलीफिशवर लिहा. सर्वांत मोठी कोणती, सर्वांत विषारी कोणती, एवढं आलं तरी चालेल."

पहिलं गाऱ्हाणं इथेच. जुहूला येते ती ब्लू बॉटल. ती बॉक्स जेलीफिश नव्हे. काटेकोर बोलायचं तर जेलीफिशही नव्हे, एकत्र तरंगणाऱ्या अनेक जीवांची वसाहत आहे. मी हे दर पावसाळ्यात सांगतो आणि दर पावसाळ्यात तिच्या फोटोखाली 'जगातील सर्वांत विषारी प्राणी' असं छापून येतं.

बॉक्स जेलीफिशची छत्री चौकोनी असते आणि चार कोपऱ्यांतून शुंडके लोंबतात. ज्ञात जाती पन्नासेक. उत्तर ऑस्ट्रेलियातली कायरोनेक्स फ्लेकेरी त्यांतली थोरली: छत्री ३० सेंटिमीटरपर्यंत, कोपऱ्यागणिक १५ पर्यंत शुंडके, ताणली की ३ मीटर. मोठा दंश झाला तर काही मिनिटांत हृदय थांबतं. १९५५ साली क्वीन्सलंडमधल्या कार्डवेलला पाच वर्षांचा मुलगा दगावला, तेव्हा डॉ. ह्यूगो फ्लेकर यांनी पोलिसांना तिथल्या पाण्यात जाळं टाकायला लावलं. त्यात ही सापडली. पुढच्या वर्षी तिला त्यांचंच नाव मिळालं.

कारुकिया बार्नेसी याच्या अगदी उलट. छत्री जेमतेम १ सेंटिमीटर, कोपऱ्याला एकच शुंडक. काचेच्या बशीत ठेवली तर नवखा विद्यार्थी म्हणतो, "सर, बशी रिकामी आहे." नीट पाहिलं की बारीक लालसर ठिपके दिसतात. ते दंशपेशींचे पुंजके, आणि ते छत्रीवरही असतात. दंश फारसा कळत नाही. अर्ध्या तासाने कंबर धरते, उलट्या होतात, रक्तदाब चढतो आणि आपण आता मरणार अशी खात्रीच वाटू लागते. १९६१ मध्ये डॉ. जॅक बार्न्स यांनी ही स्वतःला, नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला मुद्दाम डसवून घेतली. तिघेही रुग्णालयात. आज कोणतीही नीतिसमिती हे होऊ देणार नाही, आणि तेच बरोबर. तरी हा आजार नेमका कशाने होतो हे कोडं सुटलं ते त्यामुळेच.

म्हणजे दोन जातींची तुलना करताना आकारावरून काहीच ठरत नाही. एकाच जातीत मात्र पुष्कळ ठरतं. लहानपणी कायरोनेक्स आपल्या जवळ्याच्या भाऊबंदांवर जगते, वाढली की मासे धरते, आणि त्याबरोबर दंशपेशींच्या प्रकारांचं प्रमाणही बदलतं. मासा लुळा पाडणाऱ्या पेशी वाढतात. माणसाला घातक त्याच. (ट्रायपेडालिया ही कॅरिबियन खारफुटीतली चिमुकली जात माणसाला काही करत नाही. चोवीस डोळे, मेंदू नाही, तरी मुळांवर आपटून आपटून ती चुकवायला शिकते, हे २०२३ मध्ये दाखवलं गेलं. माझी लाडकी, पण संपादकांना विषारीच हवी होती.)

आता व्हिनेगर. यावर मला थांबवणं कठीण, घरचेही सांगतील. व्हिनेगर कायरोनेक्सच्या न फुटलेल्या दंशपेशी निकामी करतं, हे १९८० पासून माहीत आहे. उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्यांवर म्हणून त्याच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. २०१४ मध्ये एका गटाने प्रयोगशाळेत दाखवलं की आधीच फुटलेल्या पेशींतून व्हिनेगरमुळे आणखी विष बाहेर येतं. वर्तमानपत्रांनी लगेच 'व्हिनेगर जीवघेणं' करून टाकलं. पण तो प्रयोग विजेच्या झटक्याने पेशी फोडून, पातळ पडद्यावर केलेला होता. पडदा म्हणजे कातडी नव्हे, त्याखाली रक्त वाहत नाही. ऑस्ट्रेलियातल्या प्रथमोपचाराच्या सूचनांतून व्हिनेगर गेलं नाही, आणि मीही त्याच बाजूचा. ब्लू बॉटलला मात्र तिथे व्हिनेगर नको म्हणतात. सोसेल इतकं, ४५ अंशांच्या आतबाहेरचं गरम पाणी सांगतात. म्हणून फोटोखालच्या ओळीवरून मी चिडतो. लघवी कशालाच नको, हेही एकदा छापाच.

मनात शंका येत नाही असं नाही. दंश झालेल्या निम्म्या माणसांना व्हिनेगर आणि निम्म्यांना साधं पाणी, असा प्रयोग कायरोनेक्सच्या बाबतीत कोणी करणार नाही, त्यामुळे हा वाद प्रयोगशाळेतच फिरत राहणार. किनाऱ्यावर माणूस निपचित पडला असेल तर तो वाद बाजूला ठेवून आधी छाती दाबायला लागावं. बाटली दुसऱ्या कोणाला तरी आणायला पाठवावी.