आबिड्सची हवा

मालट्रकच्या मालकाने आपल्या रोजकीर्दीत 'चालकाची हयगय' एवढे दोन शब्द मांडून इंजिनदुरुस्तीचा सारा खर्च आमच्या उस्तादाच्या पगारातून वळता करून घेतला, याला आता कैक वर्षे लोटली. परंतु इतका निगरगट्ट मजकूर माझ्या उभ्या कारकुनी जन्मात मी दुसरा वाचलेला नाही.

गोष्ट 1960 च्या सुमाराची. सोलापुरी चादरींचे गठ्ठे हैदराबादेत सुलतानबाजारच्या दुकानी पोचते करण्यासाठी पेढीचा माणूस म्हणून मी टाटा-मर्सिडीजमध्ये उस्तादाशेजारी बसलो होतो. नळदुर्ग, उमरगे, हुमनाबाद मागे पडले आणि पहाटे जहिराबादेच्या अलीकडे बॉनेटखाली खडखडाट झाला : पंख्याचे एक पाते मुळातून तुटले होते. रेडिएटरची जाळी दैवाने बचावली. उरलेल्या पात्यांवर पंखा फिरविल्यास तोल जाऊन बेअरिंग निकामी होणार, हे जाणून उस्तादाने अख्खा पंखाच उतरविला आणि बोल्ट पुन्हा कसून कप्पी व पट्टा तेवढा जागच्या जागी ठेवला. कारण पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालत होता.

पंख्याविना इंजिन चार मैलांत जळेल, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात उष्णतेचा काटा खैरताबादेपर्यंत ढळला नाही! सपाट रस्त्यावर, थंडीच्या दिवसांत, तीस मैलांच्या वेगाने समोरून येणारा वाराच रेडिएटर निववितो, आणि पंखा त्या वेळी उलट इंजिनाचीच थोडी शक्ती खात असतो, हे शास्त्र मला त्या निरक्षर माणसाने शिकविले. म्हणूनच तो शहराबाहेर मुक्काम करून रात्री रस्ते मोकळे झाल्यावर आत शिरू म्हणत होता. नाक्यावर बाजेवर बसलेल्या मालकाच्या मुनशीला मात्र माल तत्काळ हवा होता. उस्ताद हात जोडून म्हणाला, "मुनशीजी, हवा सडक पे मिलती, आबिड्स में नै मिलती." मुनशीने नुसता हात हलवून गाडी पुढे काढावयास फर्माविले.

सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आबिद नावाच्या आर्मेनियनाच्या दुकानावरून नाव पडलेल्या त्या पेठेत तेव्हाही सायकलरिक्षा, टांगे, बैलगाड्या आणि मोटारी यांची अशी काही दाटी असे की, नामपल्लीकडून पोस्टापर्यंत येण्यास आम्हांला पायी चालणाऱ्याहून अधिक वेळ लागला. काटा चढू लागला. इंजिन बंद करून गाडी कडेला घ्यावी, तर मागून भोंगे आणि पुढून हवालदाराची शिटी. वाफ उसळली तेव्हा एक परोपकारी गृहस्थ थंड पाण्याची बादली घेऊन धावला. उस्तादाने त्याचे मनगट धरले, कारण तापल्या लोखंडावर गार पाणी पडले तर हेडच तडकावयाचे. हेड वाचले, गॅस्केट गेले.

यात हयगय कोणाची? हुकूम मुनशीचा, पण तो तोंडी. चाकावर हात उस्तादाचे, आणि ते सर्वांनी पाहिलेले. मी लेखी कैफियत दिली, तीत नाक्यावरचे संभाषण शब्दशः नमूद केले. मालकाने ती वाचून "गाडी कोण हाकीत होता?" एवढाच सवाल केला. ज्याचे हात काळे त्याच्याच माथी दोष मारण्याची ही रीत पेढ्यांतून आहे तशी सरकारी दप्तरांतूनही आहे. तेव्हा चाकरमान्याने हुकूम लेखी घ्यावा, हे माझे सांगणे. अर्थात मुनशीकडे कागद मागणाऱ्या ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी कामावर कोण ठेवील, हेही मला ठाऊक आहे. आणि उस्तादाच्या कसबाची एवढी वाखाणणी केली तरी, पंखा नसलेल्या गाडीत, चालक तोच असला तरी, मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

उस्तादाने तक्रार केली नाही. दुरुस्तीचे पैसे माझे गेले, तर निघालेले जुने सामानही मला द्या, एवढीच त्याची मागणी होती. मुनशीने तो मोडका पंखा आधीच भंगारवाल्याला विकला होता आणि आलेली रक्कम मालकाच्या खाती जमा धरली होती.