जांभळा प्लग

थोरले भाई 2009 साली कुवेतहून सुट्टीवर आले, तेव्हा सामानात होम थिएटरचा एक सेट होता. पाच लहान स्पीकर आणि एक जड लाकडी सबवूफर. त्या रात्री मोहल्ला आमच्या ओटीवर जमला. कव्वालीतला ढोलक पोटात वाजतो, असे अम्मी म्हणाल्या.

2019 च्या पावसाळ्यात वीज पडली आणि सेटचा मुख्य प्लेअर जळाला. लहान स्पीकर पोरांनी संपवले. राहिला सबवूफर. भाई फोनवर विचारायचे, "सेट वाजतो ना?" आम्ही म्हणायचो, "मस्त!" वर्गात खोटे बोलणाऱ्या पोराला उभे करणारे आम्हीच! पुढे 2024 मध्ये भाईंनी कळवले, रमजाननंतर कायमचा येतोय.

मग धावपळ. सबवूफरचा प्लग जांभळा, चपटा, कंपनीने फक्त स्वतःच्या मशीनसाठी बनवलेला. बाजारात कुठेच जोड मिळेना. शेवटी एकाच्या सांगण्यावरून तो कापला. आत दोनच तारा. त्यांना साधी गोल पिन लावून मित्राच्या होम थिएटरच्या 'सब आउट'मध्ये खुपसली. डास गुणगुणावा एवढाच आवाज! त्या भोकातून नुसता सिग्नल येतो. ज्या खोक्यात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्याच्यासाठी तो. आमचा अ‍ॅम्प्लिफायर तर प्लेअरसोबतच जळालेला. आम्ही उगाच प्लगला दोष देत होतो.

मग नजर शाळेच्या लाउडस्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर गेली. त्याच्या मागे 4, 8, 16 ओहम आणि 100 व्होल्ट असे स्क्रू. आमच्या खोक्यावर लिहिलेले 3 ओहम. नववीला ओहमचा नियम आम्हीच शिकवतो. मुजाहिमत कमी तर करंट जास्त, हे फळ्यावर शेकडो वेळा लिहिलेले. तरी हात 4 च्या स्क्रूकडे गेलाच होता! ऐनवेळी अक्कल आली, नाहीतर शाळेचा अ‍ॅम्प्लिफायर जळून वर चौकशी लागली असती.

एस.टी. स्टँडजवळच्या मेकॅनिकने पेन्सिल सेल घेतला आणि दोन्ही तारांना क्षणभर टेकवला. 'धप' करून पडदा पुढे आला. "सेलच्या प्लसला लागलेली तार प्लस. आत गेला असता तर उलटी." एवढ्याशा दीड व्होल्टचे हे काम आम्हाला कुठल्याच पुस्तकात भेटले नव्हते. त्याने 2 ओहमपर्यंत चालणारे एकाच स्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड बसवले. त्याला फक्त जाड आवाज पुढे सोडणारे बटण होते. वीज लॅपटॉपच्या जुन्या 19 व्होल्टच्या अडॅप्टरची. सबवूफर एकटा नुसता धपधप करतो, म्हणून मोबाइलच्या पिनेला दोन फाटे काढून दुसरा फाटा कॉम्प्युटरच्या लहान स्पीकरांना दिला.

ईदनंतर भाई आले. कव्वाली लावली. ढोलक वाजला. भाई उठून खोक्याच्या मागे वाकले, तेव्हा आमचे पाय गार पडले.

"प्लग कापलास?"

आम्ही सगळे सांगून टाकले. भाई बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "सेट नवा नव्हता रे. खोलीतला एक केरळचा गडी गावी परत चालला होता, त्याच्याकडून स्वस्तात घेतला होता. अम्मींना नवा म्हणून सांगितले."

कापलेला प्लग आम्ही टेबलाच्या खणात ठेवला होता, तो काढून त्यांच्या हातावर ठेवला. आतून अम्मींनी हाक दिली, कपाटातल्या बश्या थरथरताहेत, आवाज कमी करा.