आलापल्लीची खूण

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. शाखा-तपासणीची माझी फिरती मात्र नव्वदच्या दशकातही दोन्हीकडे असे. चंद्रपूरहून निघून आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली, की आलापल्लीपर्यंत सागवानाची सोबत. बस सूर्यास्तापूर्वी पोहोचली नाही, तर डब्यातले खाखरे दुसऱ्या सकाळी.

घरी फोन नव्हता. म्हणून मारुती चितमपल्लींच्या ‘रानवाटा’च्या दोन प्रती घेतल्या, एक माझ्या पिशवीत, एक चंद्रपूरच्या घरी. रात्री विश्रामगृहात मी ठरलेली पाने वाचावीत, तीच तिकडे सौभाग्यवतींनी लेकीला वाचून दाखवावीत. प्रवासभत्त्यात न बसणारी ही भेट!

एकदा मुक्काम आठवडाभर लांबला. परतलो तेव्हा लेक म्हणाली, ‘‘पप्पा, मी एकटीनेच पुस्तक संपवलं.’’ ती स्वतः वाचू लागली याचा आनंद झालाच. पण कोणत्याही ताळेबंदात न सापडणारी तूट मनाला जाणवली. मी पुढे वाचलेच नाही.

यंदा भद्रावतीला पार्श्वनाथांच्या दर्शनास निघालो असता तिने माझी जुनी प्रत सोबत घेतली, खुणेचे पान शोधले आणि गाडीतच मोठ्याने वाचू लागली.