तुरुंगांतील शाळा

माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळींत दीड वर्ष नाशिकच्या तुरुंगांत होते. त्यांचें शिक्षण इंटरपर्यंतच झालेलें; परंतु आपण कोणत्या विद्यापीठाचे, असें कोणी विचारल्यास ते मोठ्या ऐटींत नाशिकरोडचें नांव सांगत. आमच्या घराण्यांत तुरुंग ही लाज वाटण्याची गोष्ट कधींच नव्हती. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. नाशिकच्या तुरुंगांत जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन प्रभृति तरुण एकत्र आले आणि १९३४ सालच्या समाजवादी पक्षाची मनोभूमि तेथें तयार झाली. हा इतिहास मी पाळण्यांतच ऐकला म्हणा ना! तेव्हां कांहीं वर्षांपूर्वीं गांधीजयंतीनिमित्त एका तुरुंगांत व्याख्यान देण्याचें मला निमंत्रण आलें, त्या वेळीं विषय शोधावा लागला नाहीं. तुरुंग ही शाळा होऊं शकते, हेंच मीं सांगितलें. श्रोते अगदीं शांत होते. शांत बसण्यावांचून त्यांना गत्यंतर नव्हतें, हें त्या वेळीं माझ्या लक्षांत आलें नाहीं.

व्याख्यान संपल्यावर एक तरुण जवळ आला. वय बावीसच्या आंतबाहेर, कच्चा कैदी. कसल्याशा मारामारींत त्याचें नांव गोंवलें गेलें होतें.

"सर, शाळा इथंही आहे," तो नम्रपणें म्हणाला. "पहिल्याच रात्रीं नांव घालतात."

त्यानें सांगितलें तें असें. संध्याकाळीं त्याला बराकींत सोडलें तेव्हां पाठ टेकण्यापुरतीही जागा नव्हती. कोपऱ्यांतल्या कांहीं मंडळींनीं दोन माणसें सरकवून त्याला जागा करून दिली. एकानें सतरंजी दिली, दुसऱ्यानें साबण आणि बिस्किटें. मोबदला कोणीं मागितला नाहीं. या मंडळींचा म्होरक्या म्हणजे बाहेर ज्याच्या नांवानें दुकानदार हप्ते देत, तो 'भाई'.

"मग तूं त्यांच्यांतला झालास?" मीं विचारलें.

"अजून नाहीं, सर. म्हणून तर तुमच्याकडं आलों."

त्याचें काम अगदीं क्षुल्लक होतें. येत्या गुरुवारीं तारीख आहे, जामिनासाठीं कोणी तरी उभें राहावयास हवें, एवढाच निरोप आईला द्यावयाचा होता. मी नाहीं म्हणण्यापूर्वींच त्यानें माझ्या वहींत घाईघाईनें पत्ताही लिहिला. मीं नियमाचें कारण पुढें केलें. नियम खोटा नव्हता. परंतु अधिकाऱ्यांना विचारलें असतें, तर त्यांनीं बहुधा हरकत घेतली नसती. मीं विचारलें नाहीं, कारण दारांत मोटार उभी होती आणि मला दुसऱ्या ठिकाणीं व्याख्यान होतें. विषय अर्थातच गांधीजी!

पुढल्या वर्षीं तो तिसऱ्या रांगेंत दिसला. अंगावर चांगला सदरा, दोन्हीं बाजूंस दोन धिप्पाड सोबती. जामिनावर तो सुटला होता. सहा महिन्यांनीं परत आला होता, आणि या खेपेचा गुन्हा खरा होता, असें मला एका अधिकाऱ्यानें सांगितलें. निघतांना तो स्वतःच पुढें आला.

"तो निरोप पोहोंचला, सर. त्याच रात्रीं पोहोंचला."

बोलण्यांत टोमणा नव्हता. असता तर मला बरें वाटलें असतें.

त्यानंतर या विषयावर हातीं येईल तें मी वाचूं लागलों, आणि वाचतां वाचतां ब्राझीलला जाऊन पोहोंचलों. रिओ द जानेरोच्या किनाऱ्याजवळ इल्या ग्रांदे नांवाचें बेट आहे. १९७० नंतरच्या दशकांत लष्करी राजवटीनें तेथील तुरुंगांत राजकीय बंदी आणि बँका लुटणारे दरोडेखोर एकाच राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याखालीं कोंडले. राजकीय बंदी शिकलेले. सामायिक निधि ठेवणारे, एकजुटीनें अन्नत्याग करून मागण्या पदरांत पाडून घेणारे. दरोडेखोरांनीं हें सारें पाहिलें. त्यांना कोणीं शिकविलें, कीं ते नुसतें पाहून शिकले, हा तेथील जुना वाद आहे. १९७९ च्या क्षमादानानें राजकीय बंदी सुटले. संघटनेची विद्या मात्र मागें राहिली आणि तिच्यांतून 'कोमांदो व्हेर्मेल्यो', म्हणजे 'लाल पलटण', ही टोळी उभी राहिली. शांतता, न्याय आणि स्वातंत्र्य हें तिचें ब्रीद! तें वाचलें तेव्हां आजोबांची खादीची टोपी डोळ्यांपुढें आली, आणि त्या दिवशीं मीं पुस्तक मिटून ठेवलें.

साओ पावलोची कथा याहून भयंकर. तेथील कारांदिरू तुरुंगांतला दंगा मोडतांना पोलिसांनीं १११ कैदी ठार केले. दिवस होता २ ऑक्टोबर १९९२. (त्याच तारखेस मी व्याख्यानें देतों.) पुढल्या वर्षीं ३१ ऑगस्टला तौबाते येथील तुरुंगांत फुटबॉल खेळणाऱ्या आठ कैद्यांनीं 'राजधानीची पहिली पलटण' स्थापन केली. असा संहार पुन्हां होऊं नये आणि कैद्यानें कैद्यास नाडूं नये, हा जाहीर हेतु. वर्गणी जमूं लागली. तिच्यांतून वकील मिळत; दूरच्या तुरुंगांत भेटीस जाणाऱ्या बायकामुलांसाठीं बसगाड्या ठरविल्या जात. सरकारनें पुढारी निवडून दूरदूरच्या तुरुंगांत पाठविले, म्हणजे बीं सर्वत्र पेरलें. फेब्रुवारी २००१ मध्यें एकाच दिवशीं २९ तुरुंगांत बंड झालें. भ्रमणध्वनि तोंपर्यंत गजांआड पोहोंचले होते. मे २००६ मध्यें पुढाऱ्यांच्या स्थलांतरावरून पुन्हां भडका उडाला, आणि त्या दहा दिवसांत राज्यांत पांचशेंहून अधिक माणसें मेलीं. संघटना खून करते, कोकेनचा व्यापार करते. पण त्या बसगाड्यांपाशीं माझें मन पुनःपुन्हां अडतें.

धर्मवेड्यांची रीत तरी निराळी असेल, असें मला वाटत होतें. पॅरिसजवळच्या फ्लरी-मेरोजी तुरुंगांत आमेदी कुलिबाली दरोड्याच्या गुन्ह्यासाठीं होता, आणि शेरीफ क्वाशी इराकांत लढवय्ये धाडणाऱ्या मंडळींतला म्हणून. दोघांची गांठ तेथेंच पडली. त्यांनीं ज्याला गुरु केलें तो जमाल बेगाल तर एकांतकोठडींत होता. पण खिडकीवाटे आवाज जातोच. जानेवारी २०१५ मध्यें क्वाशी बंधु आणि कुलिबाली यांनीं तीन दिवसांत १७ माणसें मारलीं. याच कुलिबालीनें कांहीं वर्षांपूर्वीं सोबत्यांच्या साह्यानें त्या तुरुंगाच्या दुर्दशेचें चोरून चित्रण केलें होतें, आणि तें फ्रेंच दूरचित्रवाणीवर दाखविलें गेलें. ती दुर्दशा खोटी नव्हती. ती दूर करण्यास कोणी धांवलें असतें, तर त्याचा हात थांबला असता असें मी म्हणणार नाहीं. तेवढा भोळेपणा आतां उरला नाहीं.

आपल्या देशांत २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप ठरावयाचा, असे. शंभरांच्या जागेंत एकशें एकतीस. पहिल्या रात्रीं सतरंजी कोण देतें, हें या आंकड्यांत येत नाहीं.

या वर्षींचेंही निमंत्रण आलें आहे. विषय कळवावा, असें पत्रांत लिहिलें आहे. तें पत्र आठ दिवस टेबलावर तसेंच पडलें आहे. वहींतला तो पत्ता अजून आहे. ती गल्ली माझ्या कॉलेजच्या रस्त्यावरच लागते. पिंपळाच्या पारापासून तिसरें घर.