गिधाडं कुठं गेली?

डिस्नेलँडच्या रांगेत मी नातीला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होते. होडी वर चढली की डोक्यावर दोन गिधाडं असतात, ती खवचटपणे बघतात आणि मग आपण धाडकन खाली! शेवटी लेक वैतागली. ‘आई, ती गिधाडं आता नाहीत. कितीदा सांगू?’

मला ठाऊक होतं. १९८९ मध्ये सुरू झालेलं स्प्लॅश माउंटन २०२३ मध्ये बंद केलं आणि २०२४च्या नोव्हेंबरात त्याच डोंगरात बेडकाच्या गोष्टीतल्या राजकन्या टियानाची राइड सुरू झाली. आम्ही गेलो डिसेंबरात. पण ठाऊक असणं वेगळं. १९९१ मध्ये, लग्न होऊन पुण्याहून नुकतीच आले होते तेव्हा, आम्ही दोघं त्या ओंडक्याच्या होडीत एकामागे एक बसलो होतो. पन्नासेक फुटांवरून खाली आलो तेव्हा माझा नवा पंजाबी ड्रेस चिंब भिजला होता आणि ह्यांना हसू आवरत नव्हतं.

‘आधीचंच चांगलं होतं,’ मी म्हटलं.

‘ते कुठल्या सिनेमावर होतं, माहीत होतं तुला?’ लेकीने विचारलं.

नव्हतं. ‘साँग ऑफ द साउथ’, १९४६चा. मळ्यावरच्या कृष्णवर्णीयांचं आयुष्य त्यात असं गोडगोड दाखवलंय की डिस्नेने अमेरिकेत त्याची व्हिडिओ कॅसेटसुद्धा कधी काढली नाही. मला त्यातला ससा तेवढा माहीत, तोही राइडमुळेच. लेकीचं म्हणणं बिनतोड होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

पुढे काठी टेकत उभ्या असलेल्या आजीबाईंनी आमचा सूर ओळखला असावा. स्प्लॅश माउंटनमधली बरीचशी गाणारी जनावरं मुळात ‘अमेरिका सिंग्ज’ नावाच्या खेळातली, त्या म्हणाल्या. तो १९७४ ते १९८८ चालला. प्रेक्षक बसलेलं थिएटरच गोल फिरायचं. तो बंद करून त्यातली बाहुली इथं आणून बसवली. ‘तिथंच शोभायची ती,’ बाई म्हणाल्या. म्हणजे माझं ‘आधीचं’ त्यांच्या लेखी मोडतोडीतून उभं केलेलं!

मला बाबा आठवले. पुण्याच्या पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला हलवले, तेव्हा ते फोनवर दर रविवारी हळहळायचे. ‘बागेतला जीवच गेला.’ मी इथून त्यांना शहाणपण शिकवायची: अहो बाबा, एवढ्याएवढ्याशा पिंजऱ्यांत होते बिचारे, कात्रजला ऐसपैस जागा आहे. बाबा ‘हं’ म्हणायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तो ‘हं’ मला त्या रांगेत कळला.

होडी वर निघाली. सवयीने मी मान वर केली. गिधाडं नव्हतीच. नातीने माझा दंड गच्च धरला, किंचाळली, आणि खाली आल्यावर नाकातलं पाणी पुसत म्हणाली, ‘आजी, परत!’ परत गेलो. दुसऱ्या वेळी मीही मान खाली ठेवून बेडूक नीट पाहिले. बरे होते. बरेच होते, खरं तर.

रात्री पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ, बाबा चहा पीत होते. पणतीने त्यांना बेडकांची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मला विचारलं, ‘ती बागेभोवती फिरणारी आगगाडी? आपण बसलो होतो ती?’

‘आहे की. १९५५ पासून आहे ती, पहिल्या दिवसापासून.’

‘पेशवे पार्कातल्या आपल्या छोट्या गाडीच्या, फुलराणीच्या, एक वर्ष आधीची,’ बाबा म्हणाले, ‘पण फुलराणीची मजा नाही तिला.’