विधवेचा हेका

आमच्या डाळजला पाहुणा आला की दोन गोष्टी विचारतो. उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी कुठं दिसतात, आणि पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर आलंय का. तिसरी गोष्ट मला विचारतात ते आपलेच लोक. ‘तू शिकलेला, मोर्चात येणारा, घरात बाबासाहेबांचा फोटो लावणारा. अजून त्या येशूला धरून बसलायस? तुझ्या पणज्यानं धान्याच्या पोत्यासाठी बाट केली, तू कशासाठी करतोस?’

हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

पोत्याचं आधी बोलू. होय, आमचं घराणं दुष्काळात बाटलं. आम्ही मांग. आजीचं माहेर नगर जिल्ह्यातलं. तिथं अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून होतं. 1899-1900 च्या दुष्काळात आजीच्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला. पोटात भूक होती, खोटं कशाला बोलायचं? पण ज्या गावात आडावर पाणी मिळत नव्हतं आणि देवळाच्या पायरीला सावली लागली तरी मार बसत होता, ते गाव सोडून गेलेल्या माणसाला फक्त पोतंच दिसलं, हे कुणी ठरवलं? पाऊस पडला, मिशनचं धान्य बंद झालं, तरी म्हातारा मागं फिरला नाही. आजी म्हणायची, ‘पोत्याचा देव असता तर पोत्यासंगं संपला असता की रं.’

1972 ला मी दहा वर्षांचा. खडी फोडायच्या कामावर आई आणि आजी. दुपारी सुकडी, घरी मिलो. ती लाल मिलो अमेरिकेची. मांगवाड्यानं खाल्ली, मराठ्यांच्या आळीनं खाल्ली, ज्याच्या घरात दाणा नव्हता त्या प्रत्येकानं खाल्ली. अमेरिकेची भाकरी खाऊन पाटील बाटला, असं कुणी म्हणालं नाही. भाकरीनं बाटतो तो फक्त मांग.

आणि भुकेआधीही प्रश्न होताच. जोतिबांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं 1855 साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, हे तिनं थेट देवालाच विचारलं. देवाला जाब विचारायची रीत आमच्यात त्या पोरीपासून लिहून ठेवलेली आहे. माझी आजी निरक्षर. तिनं मुक्ताचं नावही ऐकलं नव्हतं. पण तिची प्रार्थना त्याच जातीची.

भिगवणला गाडीत बसलं की दौंड, पाटस करत केडगाव येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. रमाबाई बामणाच्या. आई, बाप, बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेले, 1882 ला नवरा गेला, 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास केडगावला जवळजवळ 2000 बायापोरी होत्या. त्यांच्या पोटाची, पाण्याची, कामाची सोय करायची होती. मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते बायबलचं. आधीचं मराठी बायबल पंडिती. आडाण्या बाईला कळेना. म्हणून रमाबाई म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि सोप्या मराठीत सगळं बायबल उतरवलं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या केडगावच्याच बाया. 1921 ला एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम थांबलं नाही. 1922 ला रमाबाई गेल्या, बायबल पुरं छापून झालं 1924 ला. श्रद्धा म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हे दाखवतो. पोटची पोर गेल्यावरही प्रुफं तपासायला बसणं.

आजीला त्या पुस्तकातली एक गोष्ट पाठ. एका गावात एक न्यायाधीश. देवाला भीत नाही, माणसाला मानत नाही. एक विधवा रोज त्याच्या दारात येते. माझा न्याय कर. तो हाकलतो, ती पुन्हा येते. शेवटी तो वैतागतो, ही बाई माझं डोकं खाईल म्हणतो आणि न्याय करतो. लूकच्या अठराव्या अध्यायात आहे. पाळक सांगायचे, अशी चिकाटीनं प्रार्थना करा. आजी म्हणायची, ‘प्रार्थना तर हायच. पर ती बाई उठून गेली का न्हाई दारात? ते बग की.’

उजनीचं धरण 1980 ला पुरं झालं. 117 टीएमसीचा साठा. नदीकाठचा आमचा मांगवाडा पाण्याखाली गेला. ज्याला जमीन होती त्याला मोबदला, पर्यायी जमीन, निदान कागद तरी. आमच्याकडं जमीन नव्हतीच. एक खोपटं, एक चिंच, आणि बांधावरचं घायपात, ज्याचे दोर वळून आम्ही जगायचो. घायपाताचा पंचनामा कोण करणार? घराच्या जागेच्या उताऱ्यासाठी आजी एका कचेरीत अकरा वर्षं गेली. दर सोमवारी. साहेब बदलले, शिपाई बदलला, आजी तीच. रात्री कंदील बारीक करून ती देवाशी भांडायची. ‘अरं यिशू, तुला डोळं हायत का न्हाईत? उद्या पुन्यांदा जाती. तूबी चल संगं.’ सकाळी भाकरी बांधून निघायची. बाराव्या वर्षी उतारा मिळाला. त्यावर नाव चुकलं होतं. ती दुरुस्तीसाठी पुढच्या सोमवारी गेली.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर ठपका ठेवला होता. जात बरोबर घेऊन गेलात, आणि अन्यायाविरुद्ध उठत नाही. तो ठपका मला मान्य आहे. चर्चमधला बाक जातीनं वाटून घेणारे ख्रिस्ती मी पाहिलेत. ‘इथं सोस, स्वर्गात मिळेल’ म्हणणारे पाळकही पाहिलेत. नागपूरला 1956 ला जो रस्ता निघाला त्याच्याशी माझं भांडण नाही. मी एवढंच म्हणतो की आजीची श्रद्धा सोसायला शिकवत नव्हती. ती तिला पायताण घालायला लावत होती.

आता कागदाचं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूंना ठेवली. 1956 ला शीख आत आले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. 2007 ला रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, 2022 ला आणखी एक आयोग नेमला गेला. गावात मी मांग, कचेरीत मी मांग नाही. माझ्या पोराच्या दाखल्याच्या वेळी एका कारकुनानं प्रेमानं सांगितलं, ‘हिंदू लिहा, कोण बघतंय?’ माझे चुलतभाऊ तसं लिहितात. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्या पोरांच्या नोकऱ्या त्यात आहेत. मी लिहिलं नाही. पोरगा आज भिगवणला दुसऱ्याच्या गॅरेजात स्पॅनर फिरवतो. त्यानं मला एकदाच विचारलं, ‘तुमच्या देवाची फी मी का भरायची?’ ह्या प्रश्नाला माझ्याकडं चोख उत्तर नाही. मी त्याला म्हटलं, दाखल्यासाठी अर्ज करत राहू, मोर्चाला जात राहू, खोटं लिहिणार नाही. तो गप्प बसला. पटलं असं म्हणाला नाही.

2021 च्या एप्रिलात बायकोला कोरोना झाला. खाट मिळेना, ऑक्सिजन मिळेना. मी आणि पोरगा रात्रभर फोन लावत होतो. मी प्रार्थना केली ती आजीचीच, शिव्यांसकट. बायको वाचली नाही. श्रद्धेनं चमत्कार होतो असं सांगणाऱ्यांची पत्रकं मी तेव्हापासून घरात घेत नाही. वाचली असती तर देव खरा आणि नाही वाचली म्हणून खोटा, असला सौदा आजीनं कधी केला नव्हता. पण त्यानंतरचे कित्येक महिने मला प्रार्थनेला शब्दच नव्हते. मी नुसता बसायचो, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. आजीच्या सोमवारांसारखा. समोरचा दार उघडो न उघडो.

तुम्ही म्हणाल, ही सवय झाली, श्रद्धा कुठली? असेल सवय. पण निराशेत माणसाचं पहिलं जातं ते उठणं. मोर्चातून माणसं का गळतात, तुम्हाला ठाऊक आहे. मार खाऊन गळत नाहीत, वाट पाहून गळतात. वाट पाहतानाही उठून दारात जायचं, हे मला ज्यानं शिकवलं त्याला मी येशू म्हणतो. तुम्ही त्याला दुसरं काही म्हणा. माझ्या दारावर तुमचा फोटो आणि माझा क्रूस शेजारी आहेत, त्यांचं आपसात भांडण मी ऐकलेलं नाही.

पोराच्या दाखल्याचा अर्ज तीनदा परत आला आहे. चौथा लिहून ठेवलाय. धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती, जातीच्या रकान्यात मांग. येत्या सोमवारी कचेरीत जायचंय. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी नऊला डाळजच्या फाट्यावर यावं.